वाचकांचे प्रश्न : भूतकाळात जाणारी वाट समीकरणांत सापडते का?

सापेक्षतावादाविषयी या सदरात पूर्वी दिलेल्या उत्तरांनंतर कालप्रवासासंबंधी बरीच पत्रे आली. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरे येथे देत आहे. समीकरणे शक्यतो टाळली आहेत. आकडेमोड मात्र टाळलेली नाही, कारण या विषयात आकड्यांशिवाय बोलू लागले की कल्पनेचे वारू फार लवकर उधळतात.

प्रश्न : कालप्रवास तत्त्वतः शक्य आहे हे आइन्स्टाइन यांनी सिद्ध केले, असे आमचे शिक्षक सांगतात. हे खरे आहे का? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, रत्नागिरी)

उत्तर : भविष्याच्या दिशेने होणाऱ्या प्रवासापुरते ते खरे आहे, आणि त्या बाबतीत ‘तत्त्वतः’ हा शब्दही अनावश्यक आहे, कारण तो प्रवास घड्याळांनी मोजला गेला आहे. १९०५ च्या विशिष्ट सापेक्षता सिद्धान्तानुसार वेगाने फिरणारे घड्याळ स्थिर घड्याळाच्या तुलनेत मागे पडते. १९१५ च्या व्यापक सापेक्षता सिद्धान्तानुसार प्रबळ गुरुत्वाकर्षणातील घड्याळही मागे पडते. १९७१ च्या ऑक्टोबरमध्ये हाफेले आणि कीटिंग या दोन अमेरिकी संशोधकांनी सीझियमची चार अणुघड्याळे प्रवासी विमानांतून पृथ्वीभोवती नेली, एकदा पूर्वेकडे आणि एकदा पश्चिमेकडे. परतल्यावर ती वॉशिंग्टनच्या नौदल वेधशाळेतील घड्याळांशी ताडून पाहिली, तेव्हा पूर्वेकडे गेलेली घड्याळे सरासरी ५९ नॅनोसेकंदांनी (नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जांश) मागे पडली होती आणि पश्चिमेकडे गेलेली २७३ नॅनोसेकंदांनी पुढे गेली होती. दोन दिशांमधील हा फरक पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्यामुळे पडतो. पूर्वेकडे जाणाऱ्या विमानाचा वेग पृथ्वीच्या फिरण्यात मिळवला जातो, पश्चिमेकडे जाणाऱ्याचा वजा होतो. सिद्धान्ताने वर्तवलेले आकडे प्रयोगातील त्रुटींच्या मर्यादेत याच्याशी जुळतात.

आपल्या मोबाइलमधील जीपीएस याच हिशेबावर चालते. त्याचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर असतात. तेथे गुरुत्वाकर्षण क्षीण असल्यामुळे त्यांची घड्याळे दिवसाला सुमारे ४५ मायक्रोसेकंद पुढे जातात, वेगामुळे सुमारे ७ मायक्रोसेकंद मागे पडतात, आणि एकूण ३८ मायक्रोसेकंद पुढे राहतात. ही तफावत आधीच काढून टाकण्यासाठी उपग्रहावरील घड्याळाची वारंवारिता १०.२३ मेगाहर्ट्झ न ठेवता जमिनीवरच १०.२२९९९९९९५४३ मेगाहर्ट्झ अशी लावून ठेवतात. ही दुरुस्ती केली नाही, तर स्थाननिश्चितीतील चूक दिवसाला दहा किलोमीटरांच्या घरात वाढत जाईल.

२०२५ च्या जून-जुलैमध्ये शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर सुमारे १८ दिवस राहून आले. स्थानकाचा वेग सेकंदाला साधारण ७.७ किलोमीटर आणि उंची सुमारे ४०० किलोमीटर धरली, तर तेथील घड्याळ दिवसाला सुमारे २५ मायक्रोसेकंद मागे पडते. म्हणजे परतले तेव्हा ते पृथ्वीवरच्या आपल्या सर्वांपेक्षा अर्ध्या मिलिसेकंदाहून थोड्या कमी वेळाने ‘तरुण’ होते. तेवढ्यापुरते ते भविष्यात आले, असे म्हणण्यात काहीही अतिशयोक्ती नाही. मोठी उडी घ्यायची तर प्रचंड वेग किंवा प्रचंड गुरुत्वाकर्षण हवे. ती अडचण ऊर्जेची आणि अभियांत्रिकीची आहे, तत्त्वाची नाही. भूतकाळाचा प्रश्न मात्र सर्वस्वी वेगळा आहे, आणि पुढील बहुतेक पत्रे त्याविषयीच आहेत.

प्रश्न : गती जर सापेक्ष असेल, तर यानातील जुळ्या भावाच्या दृष्टीने पृथ्वीच दूर गेली आणि परत आली असे होईल. मग पृथ्वीवरचा भाऊच म्हातारा का व्हावा? (निवृत्त शिक्षक, नाशिक)

उत्तर : जुळ्या भावांपैकी एक वेगवान यानातून फिरून येतो आणि पृथ्वीवर राहिलेल्या भावापेक्षा तरुण राहतो, या उदाहरणावर शंभरहून अधिक वर्षे विचारली जाणारी ही शंका अगदी रास्त आहे. आधी आकडे घेऊ. ४.२ प्रकाशवर्षे दूर असलेल्या ताऱ्याकडे एक भाऊ प्रकाशाच्या ०.८ पट वेगाने जातो आणि तेथे न थांबता तितक्याच वेगाने परततो. पृथ्वीवर १०.५ वर्षे लोटतात; यानातील घड्याळ ६.३ वर्षे दाखवते. हेच गुणोत्तर यानाच्या बाजूनेही मांडता येते : यानातून मोजले तर ताऱ्याचे अंतर आकसून २.५२ प्रकाशवर्षे भरते, म्हणून जाण्यास ३.१५ आणि परतण्यास ३.१५ वर्षे लागतात.

दोघांच्या भूमिका सारख्या नाहीत, हे यानाच्या मार्गाकडे पाहिल्यावर कळते. पृथ्वीवरच्या भावाचा अवकाशकाळातील, म्हणजे अवकाश आणि काळ एकत्र धरून काढलेल्या नकाशातील, मार्ग सरळ आहे, यानातील भावाच्या मार्गाला ताऱ्यापाशी कोपरा आहे. शाळेतल्या भूमितीत दोन बिंदूंमधील सरळ रेषा सर्वांत लहान असते. अवकाशकाळाच्या भूमितीत चिन्हाच्या फरकामुळे नेमके उलटे घडते आणि सरळ मार्गावरचे घड्याळ सर्वांत जास्त काळ मोजते. अनेक पुस्तकांत ‘त्वरणामुळे वय कमी वाढते’ असे लिहिलेले आढळते. ते मला दिशाभूल करणारे वाटते. जाणाऱ्या यानाने ताऱ्यापाशी समोरून येणाऱ्या दुसऱ्या यानाला केवळ आपल्या घड्याळाची वेळ सांगितली आणि त्या दुसऱ्या यानाने ती पृथ्वीवर आणली, तर कोणाचेही त्वरण न होता पृथ्वीवर ६.३ वर्षांचाच आकडा पोहोचतो. फरक मार्गाच्या लांबीचा आहे.

प्रश्न : रैवत ककुद्मी राजा रेवतीला घेऊन ब्रह्मलोकी गेला आणि परत येईपर्यंत पृथ्वीवर अनेक युगे उलटली, अशी कथा भागवतात आहे. आपल्या पूर्वजांना काळाची सापेक्षता ठाऊक होती असे म्हणता येईल का? (वाचक, पंढरपूर)

उत्तर : भागवताच्या नवव्या स्कंधातील ही कथा मलाही फार आवडते. गंधर्वांचे गायन संपेपर्यंत राजा थांबला, आणि नंतर ब्रह्मदेवाने हसून सांगितले, की दरम्यान सत्तावीस चतुर्युगे लोटली. मुलगी रेवती हिच्यासाठी मनात योजलेले वर, त्यांची मुले, नातवंडे, कोणीच उरले नाही. एक चतुर्युग ४३ लाख २० हजार वर्षांचे, म्हणजे एकूण ११ कोटी ६६ लाख ४० हजार वर्षे होतात. गायन तासभर चालले असे धरले, तर दोन्ही घड्याळांतील गुणोत्तर सुमारे एक लाख कोटी भरते. १९९१ मध्ये अमेरिकेतील यूटा येथील दुर्बिणीने टिपलेला अतिप्रचंड ऊर्जेचा वैश्विक किरण प्रोटॉन होता असे मानले, तर त्याच्यासाठी हे गुणोत्तर सुमारे ३२ हजार कोटी येते. राजाला त्याच्याही तिपटीपुढे जावे लागले असते.

दोन ठिकाणी काळ वेगवेगळ्या गतीने चालू शकतो ही कल्पना कथेत निश्चित आहे, आणि ती भव्य आहे. पण वेग किती असला म्हणजे फरक किती पडेल, हे सांगणारा नियम तेथे नाही, आणि भौतिकशास्त्रात ‘ठाऊक असणे’ याचा अर्थ तो नियम सांगता येणे असा होतो. कथेला कथेचा मान द्यावा. तिच्यावर समीकरणांचे ओझे लादल्याने तिचे काही भले होत नाही. आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी : हाही प्रवास भविष्याकडचाच आहे. राजाला मागे फिरून आपल्या काळातल्या वरांकडे जाता आले नाही.

प्रश्न : भूतकाळात जाता येते असे सापेक्षतेच्या समीकरणांतून खरोखर निघते का? की ही केवळ कादंबरीकारांची सोय आहे? (अभियंता, ठाणे)

उत्तर : निघते, आणि ते प्रथम ठसठशीतपणे दाखवणारा माणूस तर्कशास्त्राचा अव्वल पंडित होता. प्रिन्स्टनच्या प्रगत अध्ययन संस्थेत आइन्स्टाइन यांचे सहकारी आणि फिरायला जाण्याचे सोबती असलेले कुर्ट गोडेल यांनी १९४९ मध्ये, म्हणजे आइन्स्टाइन यांच्या सत्तराव्या वाढदिवसाच्या वर्षी, व्यापक सापेक्षतेच्या समीकरणांची एक अजब उकल प्रसिद्ध केली. तिच्यातील विश्वातले सारे द्रव्य फिरते आहे. त्या फिरण्यामुळे दूरदूरच्या ठिकाणचे प्रकाशशंकू, म्हणजे एखाद्या घटनेपासून प्रकाश जेथे जेथे पोहोचू शकतो त्या सीमा, इतके कलतात की कोठेही प्रकाशाचा वेग न ओलांडता, सतत ‘पुढे’ जात राहूनही, प्रवासी आपल्याच भूतकाळात येऊन पोहोचतो. अशा मार्गाला बंद कालवक्र म्हणतात. आइन्स्टाइन यांनी त्यावर लिहिले, की ही अडचण व्यापक सापेक्षता रचत असतानाच त्यांना अस्वस्थ करत होती, आणि अशा उकली भौतिक कारणांवरून बाद ठरवता येतात का, हे तपासणे उद्बोधक ठरेल. आजपर्यंतचे बहुतेक संशोधन त्या एका वाक्याचाच पाठपुरावा आहे.

आपले विश्व गोडेल यांचे विश्व नाही. त्यांचे विश्व प्रसरण पावत नाही, आपले पावते. आणि वैश्विक सूक्ष्मलहरींच्या पार्श्वभूमीच्या, म्हणजे विश्वाच्या आरंभकाळापासून सर्वत्र पसरलेल्या प्रारणाच्या, मोजमापांत विश्वाच्या एकूण परिभ्रमणाचा मागमूस आढळत नाही. नंतरही अशा उकली सापडत गेल्या. १९७४ मध्ये फ्रँक टिपलर यांनी अतिवेगाने फिरणाऱ्या दंडगोलाभोवती बंद कालवक्र निर्माण होतात असे दाखवले. पण तो दंडगोल अनंत लांबीचा हवा. रॉय केर यांनी १९६३ मध्ये मांडलेल्या फिरत्या कृष्णविवराच्या उकलीतही अगदी आत असे वक्र आहेत. परंतु तेथवर पोहोचण्याआधीची आतली सीमा, म्हणजे आतले क्षितिज, अस्थिर असते, त्यामुळे खऱ्या कृष्णविवरात तो भाग त्याच स्वरूपात टिकतो असे फारसे कोणी मानत नाही.

प्रश्न : वर्महोलचे कालयंत्र नेमके कसे बनते? इंटरनेटवरच्या चित्रांत घडी घातलेला कागद आणि त्याला पाडलेले भोक दिसते, पण त्यात काळ कोठे आला ते कळत नाही. (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : कागदाच्या चित्रातून फक्त जवळची वाट दिसते, काळाचा फरक दिसत नाही, ही आपली तक्रार योग्य आहे. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

वर्महोल म्हणजे कृमिविवर : दूरच्या दोन ठिकाणांना जोडणारा अवकाशकाळातील आखूड बोगदा. आइन्स्टाइन आणि नेथन रोझेन यांनी १९३५ मध्ये असा एक पूल समीकरणांत दाखवला होता, पण १९६२ मध्ये फुलर आणि व्हीलर यांनी सिद्ध केले की तो इतक्या झटपट आवळून तुटतो, की प्रकाशकिरणही पार जाऊ शकत नाही. ओलांडता येण्याजोग्या कृमिविवराचा गंभीर अभ्यास सुरू झाला तो १९८५ नंतर. आपल्या कादंबरीतील नायिकेला दूरच्या ताऱ्याकडे चटकन कसे पाठवावे, असे खगोलशास्त्रज्ञ व लेखक कार्ल सेगन यांनी भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न यांना विचारले, आणि त्या विचारणेतून थॉर्न व त्यांचे विद्यार्थी यांचे १९८८ मधील शोधनिबंध जन्मले. याच थॉर्न यांना पुढे २०१७ मध्ये गुरुत्वीय लहरींच्या शोधासाठी नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, तेव्हा हा उद्योग हौशी मंडळींचा नव्हता हे ध्यानात यावे.

आता जुळ्या भावांचेच आकडे पुन्हा वापरू. समजा, कृमिविवराचे ‘अ’ हे तोंड पुण्यात आहे आणि ‘ब’ हे तोंड एका यानात आहे. १ जानेवारी २०३० रोजी यान ‘ब’ला घेऊन प्रकाशाच्या ०.८ पट वेगाने निघते आणि पृथ्वीवरच्या १०.५ वर्षांनी, म्हणजे १ जुलै २०४० रोजी, परत येते. ‘ब’जवळचे घड्याळ तेव्हा ६.३ वर्षेच दाखवते. आता कळीचा मुद्दा : बोगदा आतून आखूडच राहिला आहे, आणि आतून पाहणाऱ्याला दोन्ही तोंडांजवळची घड्याळे नेहमी एकच वेळ दाखवतात. म्हणून २०४० च्या जुलैमध्ये कोणी ‘ब’मध्ये शिरला, तर तो ‘अ’मधून बाहेर पडेल ते ‘अ’चे घड्याळ ६.३ वर्षे दाखवत असताना, म्हणजे पुण्यातील एप्रिल २०३६ मध्ये. सव्वाचार वर्षे मागे. बाहेरच्या वाटेने मोजले तर दोन तोंडांच्या घड्याळांत फरक पडला आहे, आतल्या वाटेने पडलेला नाही. या विसंगतीतच कालयंत्र आहे.

हेच गणित आणखी थोडे ताणले की दुसरी गोष्ट हाती लागते. जानेवारी २०३७ मध्ये, म्हणजे निघाल्यापासून बरोबर ७ वर्षांनी, परतीच्या वाटेवरचे ‘ब’ पृथ्वीपासून २.८ प्रकाशवर्षांवर असते आणि त्याचे घड्याळ ४.२ वर्षे दाखवते. त्या क्षणी ‘ब’मध्ये शिरलेला प्रकाशकिरण ‘अ’मधून ४.२ वर्षांच्या वेळी, म्हणजे मार्च २०३४ च्या मध्यास बाहेर येतो, बाहेरच्या अवकाशातून २.८ वर्षे प्रवास करतो, आणि ४.२ अधिक २.८ म्हणजे ७ वर्षांच्या वेळी ‘ब’पाशी पोहोचतो : जेथून आणि ज्या क्षणी निघाला, तेथेच आणि त्याच क्षणी. याच्या आधी कोणतेही चक्र पूर्ण होऊ शकत नाही. म्हणून या यंत्राने मार्च २०३४ च्या आधी ‘अ’मधून कोणीही बाहेर पडून आपल्या भूतकाळाला भेटू शकत नाही, शिवराज्याभिषेक पाहायला जाण्याचा बेत करणाऱ्यांची या यंत्रापुरती तरी निराशा होईल.

आता किमतीचा प्रश्न. कृमिविवरात शिरताना प्रकाशकिरण एकमेकांजवळ येतात आणि पलीकडे निघताना पांगतात. गुरुत्वाकर्षण मात्र किरणांना एकत्र आणण्याचेच काम करते. हे ज्या समीकरणातून काटेकोरपणे सिद्ध होते, ते कोलकात्यातील अमल कुमार रायचौधुरी यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केले, आणि पेनरोज व हॉकिंग यांचे एकलबिंदूविषयीचे (जेथे व्यापक सापेक्षतेची समीकरणे कोलमडतात त्या जागांविषयीचे) प्रसिद्ध सिद्धान्त त्याच समीकरणावर उभे आहेत. कालप्रवासाच्या लोकप्रिय लेखनात या नावाचा उल्लेख क्वचितच होतो, हे खटकते. रायचौधुरी यांच्या समीकरणाचा येथे अर्थ असा, की किरण पांगवायचे असतील तर बोगद्याच्या गळ्यापाशी ऋण ऊर्जा असलेले काहीतरी हवे. मीटरभर रुंदीच्या बोगद्यासाठी हे ‘काहीतरी’ गुरू ग्रहाच्या वस्तुमानाच्या पंगतीत बसणारे, पण उलट चिन्हाचे असावे लागते.

ऋण ऊर्जा ही निव्वळ कल्पना नाही. हेंड्रिक कॅसिमिर यांनी १९४८ मध्ये असे वर्तवले, की निर्वातात अगदी जवळ ठेवलेल्या दोन विद्युतभाररहित धातूच्या पट्ट्या एकमेकींकडे ओढल्या जातात, कारण त्यांच्यामधल्या निर्वाताची ऊर्जा बाहेरच्या निर्वातापेक्षा कमी असते. १९९७ मध्ये स्टीव्ह लॅमोरो यांनी हे आकर्षण अचूकपणे मोजले. पण पट्ट्यांमधील अंतर १ मायक्रॉन असता ही ऋण ऊर्जा घनमीटरला अर्ध्या मिलिज्यूलपेक्षाही कमी भरते. शिवाय फोर्ड आणि रोमन यांनी १९९० च्या दशकात दाखवले, की पुंज (क्वांटम) सिद्धान्त ऋण ऊर्जेचे कर्ज देतो खरा, पण कर्ज जितके मोठे तितकी परतफेडीची मुदत छोटी. गुरूएवढे कर्ज बोगदा ओलांडण्याइतका वेळ मिळावे अशी कोणतीही ज्ञात व्यवस्था नाही. कालप्रवासाविरुद्धचा सर्वांत भक्कम आक्षेप माझ्या मते हा आहे. भूतकाळात जाऊन स्वतःच्या आजोबांना मारण्याचा जो पेच पुढे येणार आहे, त्याचा क्रम त्यानंतर लागतो.

प्रश्न : भविष्यातील माणसांनी कालयंत्र बनवले असेल, तर ती आज आपल्याला भेटायला का येत नाहीत? हॉकिंग यांच्या मेजवानीला कोणीच आले नाही असे वाचले. (विद्यार्थी, पणजी)

उत्तर : स्टीफन हॉकिंग यांनी २८ जून २००९ रोजी केम्ब्रिजमध्ये कालप्रवाशांसाठी मेजवानी ठेवली आणि निमंत्रणे ती होऊन गेल्यानंतर जाहीर केली. कोणी आले नाही. गमतीचा भाग सोडला, तर पुरावा म्हणून या मेजवानीचे वजन फार नाही : वरच्या उत्तरात पाहिले त्याप्रमाणे कृमिविवराचे यंत्र आपल्या निर्मितीपूर्वीच्या काळात कोणाला नेत नाही, आणि २००९ पर्यंत असे यंत्र तयार झाल्याचे निदान आपल्या परिसरात तरी दिसत नाही.

हॉकिंग यांचा खरा युक्तिवाद १९९२ च्या शोधनिबंधात आहे. वरच्या उदाहरणातील जानेवारी २०३७ चा तो क्षण आठवावा. त्या क्षणी किरण स्वतःवरच येऊन मिळतो. निर्वातातही पुंज क्षेत्रांची सतत हालचाल चालू असते. ती हालचालही अशीच फिरून स्वतःवर येऊन साचते आणि तिची ऊर्जा गणितात अमर्याद होते. यंत्र सुरू होण्याच्या क्षणीच ते स्वतःला नष्ट करील, असे त्यावरून वाटते. निसर्गाचे नियम अशा रीतीने भूतकाळाचे रक्षण करतात, या हॉकिंग यांच्या अनुमानाला कालक्रम-संरक्षणाची अटकळ म्हणतात. सुंग-वोन किम आणि थॉर्न यांनी १९९१ मध्ये केलेल्या गणितात ऊर्जा अमर्याद होत होती, तरी ती इतक्या अल्प काळासाठी की बोगदा कदाचित वाचेल असा त्यांचा कयास होता; हॉकिंग यांना तो मान्य झाला नाही. १९९७ मध्ये के, राजिकोव्स्की आणि वाल्ड यांनी सिद्ध केले, की त्या सीमेवर आजचे अर्धपुंज गणित, म्हणजे द्रव्याला पुंज नियम लावून गुरुत्वाकर्षण मात्र आइन्स्टाइन यांच्या पद्धतीनेच हाताळणारे गणित, अर्थहीन होते. ते ‘यंत्र फुटेल’ असेही म्हणत नाही आणि ‘टिकेल’ असेही नाही. निकाल गुरुत्वाकर्षणाच्या पूर्ण पुंज सिद्धान्तावर अवलंबून आहे, आणि तो सिद्धान्त आपल्याकडे नाही. म्हणून अटकळ अजून अटकळच आहे, तिला सिद्धान्त म्हणणे घाईचे होईल.

प्रश्न : भूतकाळात जाऊन मी माझ्या आजोबांना त्यांच्या लग्नाआधीच ठार केले, तर माझा जन्मच होणार नाही. मग ठार कोण करणार? एवढ्यावरून कालप्रवास अशक्य ठरत नाही का? (वकील, नागपूर)

उत्तर : आपल्या व्यवसायाला शोभेल असाच हा मुद्दा आहे, परंतु त्यावरून कालप्रवासाची अशक्यता सिद्ध होत नाही. ‘आजोबा मेले आणि आजोबा मेले नाहीत’ हे दोन्ही एकाच वेळी घडू शकत नाही, इतकेच तर्काने सिद्ध होते. रशियाचे इगोर नोव्हिकोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर असे म्हटले, की बंद कालवक्र असले तरी घडतील त्या घटना परस्परांशी सुसंगतच असतील : आपण भूतकाळात गेलात तर जे पूर्वीच घडून गेले आहे त्याचाच आपण एक भाग असाल.

माणसाची इच्छा, निर्णय वगैरे गुंतागुंत टाळण्यासाठी जोसेफ पोल्चिन्स्की यांनी हा पेच बिलियर्डच्या चेंडूच्या रूपात मांडला. चेंडू कृमिविवरात शिरतो, थोडा आधीच्या काळात बाहेर येतो आणि शिरण्यापूर्वीच्या स्वतःलाच टक्कर मारून वाटेवरून ढकलतो, त्यामुळे तो शिरतच नाही. १९९१ मध्ये एचेव्हेरिया, क्लिंकहॅमर आणि थॉर्न यांनी याच चेंडूसाठी सुसंगत उत्तर शोधले आणि त्यांना ते सापडले : बाहेर आलेला चेंडू आधीच्या चेंडूला ओझरता धक्का देतो, त्यामुळे तो किंचित कलून बोगद्यात शिरतो, आणि किंचित कलून शिरल्यामुळेच बाहेर येताना त्याचा धक्का ओझरता बसतो. पेच सुटला, पण नवा उभा राहिला, कारण एकाच सुरुवातीपासून अशी सुसंगत उत्तरे असंख्य निघतात. उत्तर नसणे ही अडचण नसून उत्तरे फार असणे ही अडचण ठरली. आजची स्थिती पूर्ण ठाऊक असूनही उद्याचे भाकीत एकच येत नसेल, तर न्यूटनपासूनच्या भौतिकशास्त्राचा पायाच हलतो, आणि मला ही आजोबांपेक्षा कितीतरी गंभीर बाब वाटते.

ऑक्सफर्डचे डेव्हिड डॉइच यांनी १९९१ मध्ये पुंज यामिकीतून वेगळी सोडवणूक दिली. त्यांच्या मांडणीत आजोबा जिवंत असण्याची आणि नसण्याची संभाव्यता निम्मी-निम्मी धरली की हिशेब जुळतो. प्रवासी जेथे आजोबांना मारतो, ते ज्या विश्वातून तो निघाला ते विश्व नसते. अनेक विश्वांची कल्पना ज्यांना पटत नाही त्यांना ही सोडवणूक रोगापेक्षा औषध भयंकर अशी वाटते, आणि तो आक्षेप अगदीच अनाठायी नाही.

प्रश्न : प्रकाशापेक्षा वेगवान कण सापडल्यास भूतकाळात संदेश पाठवता येईल का? (वाचक, बेळगाव)

उत्तर : सापेक्षतावाद कायम ठेवला तर होय, प्रकाशापेक्षा वेगाने जाणाऱ्या संदेशाबाबत असा एखादा निरीक्षक नेहमी सापडतो, ज्याच्या दृष्टीने संदेश निघण्याआधी पोहोचलेला असतो, आणि अशा दोन फेऱ्या जोडल्या की उत्तर प्रश्नाच्या आधी मिळते. अशा कणांचा विचार जॉर्ज सुदर्शन यांनी बिलानियुक आणि देशपांडे यांच्यासह १९६२ मध्ये केला होता. अशा कणांना टॅकिऑन हे नाव १९६७ मध्ये जेराल्ड फाइनबर्ग यांनी दिले. कण अद्याप सापडलेला नाही. २०११ मध्ये जिनिव्हाजवळील सर्न या प्रयोगशाळेपासून इटलीतील ग्रान सासो येथील प्रयोगशाळेपर्यंतच्या ७३० किलोमीटरांच्या वाटेवर न्यूट्रिनो हे सूक्ष्म कण प्रकाशापेक्षा सुमारे ६० नॅनोसेकंद आधी पोहोचल्याची बातमी गाजली, पण नंतर ऑप्टिकल फायबरच्या तारेची जोडणी सैल असल्याचे निष्पन्न झाले.

प्रश्न : शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत फोटॉन भूतकाळात पाठवला, संगणकात वर्महोल तयार केले, अशा बातम्या अधूनमधून येतात. त्यांत तथ्य किती? (ग्रंथपाल, सोलापूर)

उत्तर : प्रयोग खरे असतात, मथळे बहुधा नसतात. २०११ मध्ये टोरांटो येथे सेथ लॉइड व सहकाऱ्यांनी फोटॉनवर, म्हणजे प्रकाशकणांवर, केलेल्या प्रयोगात, आणि २०१४ मध्ये क्वीन्सलँड विद्यापीठात डॉइच यांच्या मांडणीवर झालेल्या प्रयोगात, बंद कालवक्रावर पुंज कण जसा वागेल असे गणित सांगते, तसे वर्तन साध्या, पुढेच जाणाऱ्या काळात घडवून पाहिले गेले. टोरांटोच्या प्रयोगात त्यासाठी हजारो मोजमापांतून ठरावीक निकष पूर्ण करणारीच निवडली होती, आणि निवडलेल्यांमध्ये ‘स्वतःला नष्ट करणारा’ फोटॉन आढळला नाही. नोव्हिकोव्ह यांच्या सुसंगतीचे ते सुंदर प्रात्यक्षिक होते, पण एकही फोटॉन भूतकाळात गेला नाही.

गूगलच्या सायकॅमोर या पुंज संगणकावर ९ क्यूबिट (अशा संगणकाची माहितीची एकके) वापरून कृमिविवराशी गणिती साम्य असलेली एक प्रक्रिया चालवल्याचे २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने असा आक्षेप घेतला, की इतक्या लहान आणि सोप्या केलेल्या प्रणालीत दिसलेली चिन्हे कृमिविवराशिवायही दिसू शकतात. मूळ गटाने त्यावर उत्तर दिले असून वाद चालू आहे. चिपच्या आतल्या अवकाशात बोगदा उघडला, असा दावा मात्र दोन्ही गटांपैकी कोणीही केलेला नाही.